सकाळी सहाची पिशवी

नाव ठेवलेली कोंबडी रश्श्यात जात नाही, हा कोकणातला अलिखित कायदा आहे. नाव मिळेपर्यंत ती नुसती कोंबडी असते. नाव मिळालं की घरातलं माणूस होते, आणि घरातल्या माणसाचं पोट बिघडल्यावर जे जे करावं लागतं ते सगळं तिच्यासाठी करावं लागतं. फरक एवढाच की माणूस विव्हळून सांगतो, कोंबडी सांगत नाही. ती शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं नाटक करते, कारण दुबळ्या पक्ष्याला बाहेर मुंगूस धरतो आणि खुराड्यात सख्ख्या मैत्रिणी टोचतात. म्हणून ती पिसं फुगवून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात उभी दिसली की समजावं, नाटकाचीही ताकद संपली आहे आणि आपल्याला कळायला उशीर झाला आहे.

जाणता माणूस अशा वेळी आधी तिच्या गळ्याखाली हात घालतो. मानेच्या बुडाशी, तिच्या उजव्या अंगाला, कातडीखाली एक पिशवी असते. कोंबडीला दात नसतात, पण घाई फार असते. टिपलेलं सगळं ती आधी या पिशवीत भरून ठेवते, तिथे ते भिजतं आणि थोडं थोडं खाली उतरतं. पुढे पाचकरस सुटणारं छोटं जठर, त्याच्यापुढे पेटा. खानावळीत कलेजीबरोबर येतो तोच हा पेटा. चावण्याचं काम तिथे, गिळलेल्या खड्यांच्या मदतीने होतं.

संध्याकाळी ही पिशवी टम्म असते आणि ती तशी असायलाच हवी. रात्रभरात ती रिकामी होते. त्यामुळे तपासणीची वेळ एकच, सकाळी सहा, खुराड्याचं दार उघडण्याआधी. सव्वासहाला गेलात तर बाईंनी चार दाणे आणि एक गांडूळ टिपलेलं असतं आणि पुरावा नष्ट झालेला असतो. रविवारी सहा वाजता, चहासुद्धा न घेता, बॅटरी तोंडात धरून कोंबडीचा गळा चाचपणाऱ्या माणसाला शेजारी काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हाताला रिकामी, सैल कातडी लागली तर आजार दुसरीकडे आहे. घट्ट गोळा लागला, आणि दाबल्यावर बोटाचा ठसा तसाच राहिला, तर पिशवी तुंबली आहे. लांब सुकं गवत, सुतळी, काथ्या, प्लॅस्टिकचे तुकडे, पिसं, यातलं काहीतरी आत गुंता करून बसलेलं असतं. पिशवी मऊ, डुबडुबीत असेल, आत पाणी हललेलं कळत असेल आणि चोचीपाशी नाक नेल्यावर आंबूस भपकारा आला, तर आतलं आंबलं आहे आणि बहुधा कॅंडिडा नावाची बुरशी माजली आहे. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर संशय आणखी पक्का. चोचीपाशी नाक नेणं ही पायरी बहुतेक लोक गाळतात. गाळू नये. मात्र डोळा जरा लांब ठेवावा, कारण चमकणाऱ्या गोष्टी टिपण्याची सवय आजारपणातही सुटत नाही.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. तुंबलेली पिशवी हा पुष्कळदा आजार नसून आजाराची खूण असते. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या अलीकडे गाड्यांची रांग लागते, तेव्हा दोष रांगेतल्या शेवटच्या गाडीचा नसतो. पुढे कुठेतरी काहीतरी अडलेलं असतं. तसं कोंबडीत जंत झाले असतील, अंडं अडकलं असेल, पेट्यात तार गेली असेल, नाहीतर मानमोडी म्हणजे राणीखेत आलेला असेल, तरी पिशवी थांबते. नुसती पिशवी चोळत बसणं म्हणजे शेवटच्या गाडीला मागून ढकलणं.

पण चोळण्याआधीच माणसं येतात. कोंबडी आजारी पडल्याची बातमी वाडीत माणसाच्या आजारापेक्षा लवकर पोचते. एक काकी ओवा घेऊन येतात, दुसऱ्या लसूण. कोणी ताक पाजायला सांगतं, कोणी खायचा सोडा, आणि दोन्ही एकत्र पाजायला सांगणारेही असतात. एक जण नुसते मसाला कोणता वापरता ते विचारून जातात. माझं स्पष्ट मत असं की आजारी कोंबडीला रोगाइतकंच उपायांपासूनही वाचवावं लागतं. ताकाने बुरशी जात नाही, आणि दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्यांत नसल्यासारखीच असते. चमचाभर ताकाने ती मरणार नाही, पण वाटीभर ताकाने हगवण मात्र लागेल.

सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे पाय धरून उलटी करा, ओकू दे. असा सल्ला देणाऱ्याचा आवाज नेहमी फार खात्रीचा असतो. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच उघडं असतं. उलटी धरून पिशवी दाबली की आंबलेलं पाणी वर येतं आणि सरळ फुप्फुसात जातं. मग ती हातातच गुदमरते. पिशवी रिकामी करायचीच असेल तर ते काम डॉक्टर नळी घालून करतात.

दुसरा लाडका उपाय कृषी सेवा केंद्रातली अँटिबायोटिकची पुडी. कोंबडी कशानेही आजारी असो, पुडी तीच. आंबलेल्या पिशवीत तिने उलट काम होतं. बुरशीला आवर घालणारे जिवाणू मरतात आणि बुरशीला मैदान मोकळं मिळतं. बुरशीचं औषध वेगळं असतं, निस्टॅटिनसारखं, आणि ते वजन पाहून डॉक्टरने द्यायचं असतं.

आता तुंबलेल्या, घट्ट पिशवीचं बघू. आधी तिला वेगळी काढायची. मोठं खोकं किंवा डालगं घ्यावं, खाली वर्तमानपत्र अंथरावं. पेंढा नको, गोणपाटही नको. आजार धागे गिळल्याचा असताना अंथरूण धाग्यांचं देण्यात अर्थ नाही. दाणे १२ तास बंद, पाणी चालू. २४ तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नये, दीड किलोच्या जिवाकडे उपास करण्याएवढी शिल्लक नसते.

मग तेल. साधं खोबरेल, एकूण चहाचा एक चमचा. केसांना लावायचं सुगंधी तेल नव्हे. पातळ तेल पाजताना श्वासनळीत जायची भीती असते, म्हणून ते फ्रिजमध्ये गोठवून चवळीच्या दाण्याएवढे तुकडे करावेत. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे डिसेंबरात पुणेकरांचं काम बाटलीतच झालेलं असतं. तुकडे पुढे टाकले की बऱ्याच कोंबड्या आपण होऊन टिपतात. पाणी पाजायचं झालं तर सुई काढलेल्या सिरिंजने, चोचीच्या कडेला, अर्धा मिलिलिटर. तिने गिळलेलं दिसलं की पुढचा अर्धा. गिळण्याआधी घाई केली की शिंका आणि घरघर सुरू होते.

अर्ध्या तासाने मालिश. कोंबडी डाव्या काखेत घ्यावी, पंख मिटलेले, छाती मोकळी. छाती आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास चालतो. प्रेमाने घट्ट मिठी मारून लोक कोंबडी गुदमरवतात. उजव्या हाताच्या बोटांनी गोळा हळूहळू कुस्करायचा, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. चोचीच्या दिशेने ढकलायचा नाही. पिशवी डुबडुबीत असेल तर मालिशच नको, कारण तेच, पाणी वर येतं. घट्ट पिशवीच्या बाबतीत मालिशीने कोंबडीला बरं वाटतं की नाही ते सांगता येत नाही, पण घरातल्यांना आपण काहीतरी करतोय असं वाटतं, आणि त्यामुळे ते सोडा पाजायचे थांबतात. हा फायदा लहान नाही.

दोन सकाळी उलटूनही गोळा तेवढाच राहिला, तर डॉक्टर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रांगेत म्हैस, बैल, दोन शेळ्या आणि तुमचं खोकं असतं. ‘किती पक्षी आहेत?’ हा पहिला प्रश्न. ‘एक’ हे उत्तर आवाज न घसरता देता आलं पाहिजे. दवाखाना लांब असेल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे. प्रसंगी पिशवी चिरून गुंता काढावा लागतो. आत पिशवीला वेगळे टाके, वर कातडीला वेगळे. हे मोबाइलवर बघून दाढीच्या ब्लेडने करणारे वीर असतात. त्यांना थांबवावं.

आता शिट. कोंबडीचं आजारपण ज्याला निभावायचं आहे त्याला या विषयाची लाज सोडावी लागते. अंथरूण वर्तमानपत्राचंच का, तर त्यावर सगळं स्वच्छ दिसतं; अग्रलेखाचं पान विशेष चांगलं, कारण त्यावर रंगीत जाहिराती नसतात. घट्ट, करडी-तपकिरी आणि वर पांढरी टोपी, ही निरोगी शिट. ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवीच. साधारण आठ-दहा वेळांत एकदा चॉकलेटी, चिकट, असह्य वासाची शिट पडते. तिचा फोटो काढून नाश्त्याच्या वेळी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायची गरज नसते. ती आंतड्याच्या दोन आंधळ्या फाट्यांतून येते आणि ती येणं हे पचन चालू असल्याचं लक्षण आहे. हिरवी शिट म्हणजे बऱ्याचदा पोट रिकामं, नुसतं पित्त. पण हिरवी आणि पातळ, सोबत धाप, मान वाकडी होणं, आणि एकीपाठोपाठ दुसरी कोंबडी, असं असेल तर मानमोडीचा संशय घ्यावा. तिला औषध नाही, आधी टोचलेली लस हाच इलाज. रक्त दिसलं तर रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. त्यावर डॉक्टर अँप्रोलियम देतात. ते चालू असताना हौसेने बी-१ जीवनसत्त्वाचं टॉनिक पाजू नये, कारण हे औषध परजीवीचा बी-१ चा पुरवठाच तोडतं. वरून तेच घातलं तर औषधाचा जोर जातो.

आणि भराभर बरेच पक्षी मेले, तर मालिश, तेल सगळं बाजूला ठेवून, हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. इथे विनोद नाही.

रोज त्याच वेळी वजन करावं. टोपलीसकट ठेवून टोपलीचं वजन वजा करायचं. गावठी कोंबडी सव्वा ते दीड किलोची. त्यातले दीडशे ग्रॅम गेले आणि छातीच्या हाडाची धार बोटाला लागू लागली, तर वाट बघायची वेळ संपली. या कामाला स्वयंपाकघरातला काटा घेतलात तर तो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरातल्या मुख्य व्यक्तीशी आधीच बोलून घ्यावं. हात दर वेळी साबणाने धुवावेत, साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू नाव ठेवलेल्या कोंबडीतही असतो.

पिशवी सकाळी रिकामी लागली की घरात जल्लोष होतो आणि त्या भरात पहिली चूक होते. मूठभर शिळा भात. भात, पाव, गूळ, पोळी सगळं बंद; बुरशीला गोड आणि पिठूळ फार आवडतं. उकडलेलं अंडं कुस्करून, किंवा लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य, कोमट पाण्यात भिजवून, पोहे खायच्या चमच्याने एक चमचा, दिवसातून तीन-चारदा. कोंबडीला अंडं घालताना काही लोक कावरेबावरे होतात. तिला काही वाटत नाही. दोन-तीन सकाळी पिशवी रिकामी निघाली तर नेहमीच्या दाण्यावर, म्हणजे दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅमवर, हळूहळू यायचं. पेट्यासाठी बारीक, टणक खडी वेगळ्या वाटीत. शिंपल्यांचा चुरा कॅल्शियमसाठी असतो, तो विरघळतो, त्याने दळण होत नाही. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खायची नाहीत. अंगणातलं गवत आखूड कापून कापलेलं उचलायचं, सुतळ्या, रबर बँड वेचायचे. तुम्ही वेचत असताना ती मागोमाग येऊन तुमच्या आधी सापडलेले गिळते, म्हणून हे काम ती कोंडलेली असताना करावं.

काहींची पिशवी ताणून ताणून सैलच पडते आणि छातीपुढे लोंबते. तिला चोळी शिवतात. थट्टा नाही, मऊ सुती कापडाची पट्टी पिशवीखालून, तिच्या दोन नाड्या पंखांखालून पाठीवर. पिशवी उचलली गेली पाहिजे, आवळली जाता कामा नये. आत दोन बोटं सहज जावीत, आणि रोज काढून कातडी सोलवटली नाही ना ते पाहावं. शिंप्याकडे गेलात तर माप कोणाचं या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. चोळी घातल्यावर कोंबडी काही वेळ मागे मागे चालते, मग विसरते. बाकीच्या विसरत नाहीत. पाठीवरची गाठ त्यांना किडा वाटते आणि त्या ती ओढत बसतात. म्हणून गाठ नको, वेल्क्रो लावा. आणि सुटे धागे आधीच कापून टाका, नाहीतर त्यांतला एखादा कोणीतरी गिळणारच.