‘मुलांच्या जागा मुलींनी खाल्ल्या’? आधी जोसाचा तक्ता नीट वाचा

जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या सामायिक प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सोबत आयआयटी मुंबईच्या कम्प्युटर सायन्सच्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट असतो. सर्वांसाठीच्या ‘जेंडर न्यूट्रल’ ओळीत शेवटचा रँक साठच्या घरात, मुलींसाठीच्या ‘फिमेल ओन्ली’ ओळीत काहीशेंच्या. मजकुराचा गोषवारा असा: मुलांच्या २०% जागा काढून मुलींना दिल्या, त्यावर अपात्र मुली येतात, महाराष्ट्रातही हेच चाललंय, मुलींना मुळात इंजिनिअरिंगचा कल नसतो, आणि शिकून पुढे त्या नोकरी सोडतात म्हणजे जागा वायाच.

‘मुलांच्या जागा काढल्या’

काढलेल्या नाहीत. या जागा सुपरन्युमररी आहेत, म्हणजे मंजूर जागांच्या वर वाढवलेल्या. आयआयटी मंडीचे तेव्हाचे संचालक तिमोथी गोन्साल्विस यांच्या समितीने २०१७ मध्ये ही शिफारस केली. २०१८ साठी मुलींचं प्रमाण १४%, २०१९ साठी १७% आणि २०२० पासून २०% असं ठरलं. मुलांना मिळणाऱ्या जागा कमी होता कामा नयेत, ही त्यातली मूळ अट.

हिशेब करून बघा. समजा एका शाखेत १०० जागा होत्या आणि त्यांवर ९२ मुलगे, ८ मुली होत्या. ९२ ला हात न लावता मुली २०% करायच्या, तर एकूण जागा ११५ लागतात: ९२ अधिक २३. आता तक्त्यात ‘जेंडर न्यूट्रल’समोर ९२ दिसतात आणि बघणारा म्हणतो, शंभराच्या ब्याण्णव झाल्या, आठ गेल्या! त्या आठांवर आधीही मुलीच होत्या. आता त्या २३ मध्ये मोजल्या जातात, एवढंच.

जागा वाढल्याचा ताण पडतो तो वसतिगृहाच्या खोल्यांवर, प्रयोगशाळांवर, शिक्षकांवर. त्याबद्दल जरूर भांडावं.

‘अपात्र मुली घुसतात’

जेईई ॲडव्हान्स्ड या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेच्या रँक यादीत येण्यासाठीचे किमान गुण सामाजिक प्रवर्गानुसार बदलतात, मुलगा-मुलगी यानुसार नाही. २०२४ मध्ये खुल्या यादीसाठी ३६० पैकी १०९ गुण लागले, शिवाय प्रत्येक विषयात वेगळी किमान मर्यादा. मुलींना यात एका गुणाचीही सूट नव्हती. त्या वर्षी ४८,२४८ जण पात्र ठरले, त्यांत मुली ७,९६४. आयआयटींच्या एकूण जागा १७,७४०, त्यांचे २०% म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे मुलींच्या एका जागेमागे दोनपेक्षा जास्त पात्र मुली उभ्या होत्या.

स्क्रीनशॉटमधला फरक खोटा नाही. मुलींच्या ओळीतला शेवटचा रँक मागे असतो. पण ॲडव्हान्स्डला २०२४ मध्ये १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले होते. त्यांत चारशेव्या क्रमांकावर असलेल्या मुलीला ‘कच्ची’ म्हणणाऱ्याला परीक्षा कळलेली नाही.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. जोसाच्या नियमानुसार मुलीचा विचार आधी ‘फिमेल ओन्ली’ जागेसाठी होतो, तिथे नंबर लागला नाही तरच जेंडर न्यूट्रलसाठी. २०२४ मध्ये मुलींत पहिली आलेली विद्यार्थिनी देशात सातवी होती. अशा मुलीने मुंबईची कम्प्युटर सायन्सची जागा मागितली, तरी नोंद ‘फिमेल ओन्ली’तच होणार. त्यामुळे तो शिक्का पाहून कुणाचाही रँक ओळखता येत नाही. शेवटच्या रँकसोबत त्याच ओळीतला सुरुवातीचा रँकही बघा, मेसेजमध्ये तो रकाना कापलेला असतो. या नियमाची खरी खोट वेगळीच आहे: वरच्या रँकच्या मुलीही याच जागांत संपतात, त्यामुळे २०% हा किमान आकडा राहण्याऐवजी छत होऊन बसतो. मुलींच्या बाजूने तक्रार करायची, तर ती इथे.

‘महाराष्ट्रातही हेच चाललंय’

इथे मेसेजवाले दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात. राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांत मुलींसाठी ३०% समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजलं जाणारं, आरक्षण आहे आणि ते मंजूर जागांच्या आतलं आहे. कटऑफच्या पीडीएफमध्ये GOPENS-LOPENS असे कोड दिसतात, त्यांतला एल मुलींचा. पात्र मुलगी मिळाली नाही तर जागा त्याच प्रवर्गातल्या मुलाकडे जाते. या धोरणावर वाद घालायला हरकत नाही, पण त्याचे दाखले आयआयटीला लावू नका.

‘मुलींना कलच नसतो’

उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विज्ञान शाखेत मुली २९.५ लाख आणि मुलगे २७.७ लाख होते. कल नसता तर ही गर्दी कुठून आली? गळती होते ती जेईईच्या वाटेवर. दोन वर्षं लातूरला किंवा कोट्याला ठेवायचं, क्लासची फी, मेसचे पैसे, आणि जमलं नाही तर एक वर्ष ड्रॉप. ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, त्यामुळे ड्रॉपचं वर्ष फार मोलाचं. अनेक घरांत हे वर्ष मुलाला मिळतं. मुलीला जवळच्या कॉलेजात बीएस्सी.

पैशाची अडचण थोडी हलकी होऊ शकते. राज्यात २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली, आणि हे पुष्कळदा प्रवेश झाल्यावर कळतं. वसतिगृह आणि मेस यात नाहीत, नेमका तोच खर्च बाहेरगावच्या मुलीला अडवतो. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या प्रगती शिष्यवृत्तीचे वर्षाला ५० हजार तिथे कामी येऊ शकतात.

‘शिकून नोकरी सोडतात’

बीटेक करून एमबीएला, बँकेत किंवा परदेशी गेलेल्या मुलाची सीट ‘वाया गेली’ असं कुणी म्हणत नाही. तरी प्रश्न खरा आहे: २०१८ च्या सरकारी आकडेवारीत संशोधन-विकासाच्या प्रत्यक्ष कामात स्त्रिया १६.६% होत्या. कारण शोधायचं तर २०१७ च्या दुरुस्तीने आलेले मातृत्व लाभाचे नियम वाचा. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं. रजेचा भार मात्र, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेच्या कक्षेबाहेरच्या पगारांवर, सगळा मालकावर. त्यामुळे लहान कंपनी मुलाखतीतच लग्नाबद्दल आडून विचारते. आणि खासगी नोकरीत बापाला रजा देण्याची सक्ती कुठल्याच केंद्रीय कायद्यात नाही, तेव्हा बाळ आजारी पडलं की सुट्टी कोण टाकणार हे घरी आधीच ठरलेलं असतं.