अंगठा घेतला म्हणजे जबाबदारी सुटत नाही

ठेकेदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मजुराने हेल्मेट घातलं नाही तर मालक जबाबदार नाही. तसं स्टॅम्पवर लिहून घ्या. काम पेटी ठेकेदाराला (पोटठेकेदाराला) दिलं की आपण मोकळे. दंड तसाही दोनच हजार.’

नागपुरात बेसा भागात माझ्या भाच्याची फ्लॅटची स्कीम सुरू आहे. मेसेज वाचून त्याने सहा सेंट्रिंगवाल्यांचे अंगठे घेतलेसुद्धा. कागद दाखवताना तो अगदी निर्धास्त होता, म्हणून हे लिहितोय.

‘मजुराचीच चूक’ ही सूट 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात होती. पण मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ती मिळत नाही, हेही तिथेच लिहिलं होतं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ते तसंच ठेवलं. माणूस गेला तर हेल्मेट होतं का, यावर भरपाई अडत नाही. तीस वर्षांचा मजूर, महिन्याची मजुरी 15,000 धरा. निम्मी मजुरी गुणिले 207.98 (त्या वयासाठी कायद्याने ठरवलेला आकडा), म्हणजे 15,59,850 रुपये. त्याहून कमी दुखापतीतही, स्पष्ट दिलेली सूचना मजुराने मुद्दाम मोडली हे दाखवावं लागतं. सूचना दिली होती कोणी?

साइटवर जाऊन पाहिलं. चार हेल्मेट सिमेंटच्या पोत्यांवर, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. बालाघाटची एक बाई चुंबळीवर घमेलं घेऊन जिना चढत होती. एका हाताने घमेलं धरलेलं, दुसरा हात भिंतीला, आणि वर पोचताच बाजूला लिफ्टचा उघडा खड्डा. एक बल्लीसुद्धा आडवी बांधलेली नाही. तिसऱ्या मजल्यावरून त्यात गेलेल्याला हेल्मेट कसं वाचवणार? सेंट्रिंगवाल्याच्या कमरेला बेल्ट होता, पण हूक अडकवायला दोर नव्हता. कठडा, जाळी, दोर मजुराने घरून आणायचे का?

स्टॅम्पचं म्हणाल तर भरपाईचा हक्क लिहून सोडताच येत नाही, असा करार कायद्यानेच रद्दबातल आहे. पेटी ठेकेदार नेमला तरी भरपाई मुख्य ठेकेदाराकडून मागता येते. त्याने नंतर पेटीवाल्याकडून वसूल करावी.

दोन हजारांचं, कबूल, अर्धं खरं आहे. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षा नियम मोडल्याचा दंड तेवढाच होता. पण सोबत तीन महिन्यांपर्यंतची कैदही होती, ती मेसेजमध्ये गाळली. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची नवी संहिता लागू आहे. मालकाने आपलं कर्तव्य टाळल्याने मजूर मेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 वेगळं, त्यात पाच वर्षांपर्यंत.

भाच्याला सांगितलंय, ते सहा कागद फाड. सोमवारी स्लॅब भरायचा आहे, त्याआधी लिफ्टच्या खड्ड्याला कठडा लागलेला मला दिसला पाहिजे.