खुलासा : एस. पी. सिंह यांनी २४ तासांची वाहिनी सुरू केलेली नाही

नागपुरात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. त्यात म्हटलंय की, हिंदी पत्रकार सुरेंद्र प्रताप (एस. पी.) सिंह नागपूरच्या ‘नवभारत’चे संपादक होते आणि पुढे त्यांनी २४ तासांची ‘आज तक’ वाहिनी काढली. दोन्ही चूक.

एस. पी. होते ‘नवभारत टाइम्स’मध्ये, म्हणजे टाइम्स समूहाच्या दैनिकात. आपल्या नागपूरचा, रामगोपाल माहेश्वरींचा ‘नवभारत’ वेगळा. ‘नवभारत टाइम्स’च्या आधी ‘रविवार’ या हिंदी साप्ताहिकाचे संपादक म्हणून एस. पीं.चं नाव गाजलं होतं.

‘आज तक’ १९९५ मध्ये आलं ते दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवरचं जेमतेम २० मिनिटांचं बातमीपत्र म्हणून. सरकारी थाटाच्या बातम्या ऐकायची सवय असलेल्या प्रेक्षकांना ती बोलती, थेट हिंदी भिडली. हे बातमीपत्र सादर करणाऱ्या एस. पीं.चा ‘इंतजार कीजिए कल तक’ हा शेवटचा निरोप घरोघरी पोचला. जून १९९७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आतच ते गेले. २४ तासांची वाहिनी सुरू झाली ३१ डिसेंबर २००० ला.

जेमतेम दोन वर्षांत, रोजच्या २० मिनिटांत त्यांनी जे उभं केलं, ते त्या मजकुरात पुसलं जातं, याचं फार वाईट वाटतं. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी ही दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाकावी.