गुडघ्याचं पाणी जोखताना

माझ्यासमोर येणारा गुडघा उघडा असा क्वचितच येतो. त्याच्यावर आंबेहळदीचा लेप असतो, लेपावर एरंडाचं पान, पानावर जुन्या धोतराची पट्टी आणि पट्टीवर उलटं गुंडाळलेलं क्रेप बँडेज. हे सगळं सोलत सोलत आत गेलं की केळफुलासारखा शेवटी गुडघा सापडतो. सोबत आलेले काका तोवर निदान सांगून मोकळे झालेले असतात. "पाणी झालंय, मॅडम. काढून टाका."

पाणी झालंय हे खरंच असतं. माझं म्हणणं 'काढून टाका'मधल्या 'टाका'शी आहे. गुडघ्यातलं पाणी टाकायचं नसतं, ते जोखायचं असतं. पण तिथवर जायच्या आधी ती हळद साबणाने धुवावी लागते. पिवळ्या कातडीवर आयोडीन कुठवर लागलं ते दिसत नाही आणि लेपाने भाजून फोड आले असतील तर त्या कातडीतून सुई घालताच येत नाही. वरचे जंतू आयते आत जातात. तेव्हा पाणी काढायचं असेल तर लेप दोन दिवस आधी बंद करावा, आंघोळ करून यावं आणि सैल पायजमा घालावा. चुडीदार आणि जीन्स गुडघ्याच्या वर सरकत नाहीत, त्यातून सुजलेल्या गुडघ्यावरून तर नाहीच. उपाशी राहायची गरज नाही. उपाशी माणसं सुई बघून चटकन चक्कर येऊन पडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी आणावी, पण आपल्या मनाने गोळ्या थांबवू नयेत.

आता काकूंचा प्रश्न. "पाणी काढलं तर वंगण संपेल ना? गुडघा कोरडा पडेल." या प्रश्नाने मी आजवर अनेक सुयांपेक्षा जास्त घायाळ झाले आहे. निरोगी गुडघ्यात वंगण असतं किती? तीन ते चार मिलि. चहाचा चमचासुद्धा भरत नाही. सुजलेल्या गुडघ्यातून निघतं पन्नास, ऐंशी, कधी शंभर मिलिच्या वर. म्हणजे कटिंगचा ग्लास. एवढं वंगण देवाने कुणालाच दिलेलं नाही. शिवाय ते वंगण उरलेलंही नसतं. सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज आली की ते पाणी गाळत सुटतं आणि वंगणाला दाटपणा देणारं हायलुरोनिक आम्ल एकतर पातळ होतं नाहीतर तुटतं.

हे बघायची परीक्षा अगदी स्वयंपाकघरातली आहे. सुईच्या टोकावरून एक थेंब हळूच सोडायचा. चांगल्या पाण्याची तीन-चार सेंटिमीटर तार निघते, एकतारी पाकासारखी. सूज असलेलं पाणी पाण्यासारखंच टपकतं. रव्याच्या लाडवांचा पाक जिला जमतो तिला हे शिकवावं लागत नाही. आमच्या शिकाऊ डॉक्टरांना दोन आठवडे लागतात.

पाणी आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागतंच असं नाही. पाय सरळ ठेवायचा, गुडघ्याच्या वाटीच्या वरची जागा एका हाताने दाबून तिथलं पाणी खाली ढकलायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाटी मागे टकटकवायची. पाणी भरपूर असेल तर वाटी तरंगत असते. ती खाली जाऊन हाडावर 'टक्' आपटते आणि परत वर येते. पाणी थोडंच असेल तर ही युक्ती फसते. तेव्हा आतली बाजू वरच्या दिशेने निपटायची, मग बाहेरची बाजू दाबायची आणि आतल्या खळग्यात फुगवटा येतो का ते बघायचं. गंमत म्हणजे खूप पाणी असलं की ही दुसरी युक्ती फसते. नुसतं जाड झालेलं अस्तर आणि चरबी यांनाही लोक पाणीच म्हणतात. तिथे सुई घातली तर काहीच निघत नाही आणि दोष डॉक्टरच्या हाताला जातो.

मग टेबल. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल द्यायचा, म्हणजे गुडघा पंधरा-वीस अंश वाकतो. आणि मग या सगळ्या सोहळ्यातलं सर्वात निरुपयोगी वाक्य म्हणायचं: "पाय सैल सोडा." हे ऐकताच माणूस पायाचं सागवान करतो. मांडीचा स्नायू आवळला की वाटी हाडावर घट्ट बसते आणि सुईला आत जायला फटच राहत नाही. म्हणून मी सैल सोडा असं म्हणणं सोडलं आहे. वाटी दोन बोटांत धरून डावी-उजवी हलवून बघते आणि तोवर जावयाची चौकशी करते. जावयाबद्दल बोलताना मांडी आवळणारे असतात, पण कांद्याच्या भावावर बहुतेक जण सैल पडतात. वाटी हलली की काम सुरू.

जागा वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी: तिथून साधारण एक सेंटिमीटर वर आणि एक सेंटिमीटर बाहेर. पेनाने खूण केली तर आयोडीनने पुसली जाते. म्हणून निब आत घेतलेल्या पेनाचं टोक दाबून कातडीत गोल खळी पाडायची. ती पाच मिनिटं टिकते. मग आयोडीन, मध्यापासून बाहेर गोल गोल, तीन वेळा, आणि दोन मिनिटं वाळू द्यायचं. वाळल्याशिवाय ते जंतू मारत नाही. याच दोन मिनिटांत मायेने ओथंबलेला एखादा नातेवाईक पुढे वाकतो आणि गुडघ्यावर फुंकर घालतो. झालं. तोंडातली अख्खी फौज गुडघ्यावर उतरली. पुन्हा पहिल्यापासून, नातेवाईक दाराबाहेर.

सुयांच्या नंबरांत एक फसवणूक आहे आणि तिचा मी निर्लज्जपणे फायदा घेते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. बधिर करायची सुई २६ नंबरची, जेमतेम अर्धा मिलिमीटर. पाणी काढायची १८ नंबरची, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड आणि दीड इंच लांब. मी सिस्टरना "आधी सव्वीस द्या, मग अठरा" म्हटलं की टेबलावरचा चेहरा खुलतो: मोठी झाली, आता छोटी. मी ती समजूत कधीच दुरुस्त करत नाही. तशी खरी चुणचुण बारीक सुईचीच होते. बधिर करणारं दोन टक्के लिग्नोकेन, दोन-तीन मिलि, आधी कातडीत मग खोल. दहाएक सेकंद मिरचीसारखं झोंबतं. त्यानंतर एक-दोन मिनिटं थांबायचं. घाईचा डॉक्टर इथे थांबत नाही, म्हणून त्याच्या खोलीतून आवाज येतात.

जाड सुई वाटीच्या मागच्या फटीकडे तिरकी घालायची, दट्ट्या किंचित ओढत ओढत. सांध्याचं आवरण पार झालं की हाताला हलकासा टचका जाणवतो आणि सिरिंज भरू लागते. इथे हावरटपणा नडतो. पन्नासची सिरिंज लावून जोराने ओढलं की आतल्या अस्तराच्या झिरमिळ्या सुईच्या तोंडात अडकतात आणि प्रवाह बंद. नळीला तोंड लावून ओढल्यावर पिशवी चिकटावी तसं. मग थोडं पाणी परत आत ढकलायचं, सुई जरा फिरवायची, किंचित मागे घ्यायची, दुसऱ्या हाताने वाटीच्या वरची जागा दाबून पाणी सुईकडे पिळायचं. मला वीसची सिरिंज आवडते. ती भरली की सुई तिथेच ठेवायची, तिचं बूड आर्टरी फोर्सेप्सच्या चिमट्याने घट्ट धरायचं आणि सिरिंज बदलायची. बूड न धरता सिरिंज उपटली तर सुई आत कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, घासते, आणि कूर्चा पुन्हा नीट भरून येत नाही.

इतकं करूनही कधी कोरडं जातं. पू फार घट्ट असतो, रक्ताच्या गाठी असतात, किंवा तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे सुईत अडकतात. हे दाणे जुन्या संधिवातात आणि गुडघ्याच्या क्षयात सापडतात. दोनदा दिशा बदलूनही काही आलं नाही तर सोनोग्राफी लावून बघावं. तिसऱ्यांदा चाचपडणं म्हणजे अहंकार.

आता खरं जोखणं. पहिली परीक्षा फुकट: पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, मागे पंचांग धरायचं. बारीक अक्षरं वाचता आली, रंग गवताच्या काडीसारखा फिका पिवळा, तर बहुधा झिजेचं पाणी. अक्षरं धूसर झाली तर आत जळजळ आहे: संधिवात, गाउट (युरिक अॅसिडचे स्फटिक साचून पेटणारा सांधा), किंवा जंतू. पंचांगच दिसेनासं झालं तर मुहूर्त बघत बसू नये.

रक्त आलं तर त्यालाही विचारायचं. सुई लागून आलेलं रक्त रेषेरेषेने येतं आणि नळीत गोठतं. सांध्यात आधीपासून साचलेलं रक्त एकसारखं लाल असतं आणि बहुधा गोठत नाही. कबड्डीत पाय मुरगळला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटल्याचा संशय पहिला. रात्री झोपून सकाळी सूज दिसली तर बहुधा दोन हाडांमधली कूर्चेची गादी फाटलेली. आणि ते रक्त किडनी ट्रेमध्ये पाच मिनिटं ठेवून बघावं. वर मिसळीच्या तर्रीसारखा तेलाचा तवंग जमला तर ती हाडाच्या आतली चरबी. म्हणजे हाडाला कुठेतरी तडा आहे, एक्स-रे कितीही शहाजोगपणे 'नॉर्मल' म्हणत असला तरी.

यापुढचा भाग लॅबचा, आणि तिथेच कुठेतरी पाणी मुरतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत पेशी मोजायला, निर्जंतुक बाटलीत कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, थोडंसं स्फटिक बघायला. बाटली नातेवाइकाच्या हातात दिली की तो आधी चहा पितो, मग गाडीत पेट्रोल भरतो. तासाभरात पोचायला हवं ते पाणी संध्याकाळी पोचतं, तोवर पेशी फुटायला लागलेल्या असतात. पोचलं तरी धोका आहेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या नेहमीच्या द्रावणात अॅसेटिक आम्ल असतं. ते सांध्याच्या पाण्यात घातलं की दूध नासावं तशा गुठळ्या होतात, आणि मोजणी गुठळ्यांबरोबर वाहून जाते. त्यासाठी सलाइनच वापरायचं. हे मी चिठ्ठीवर लिहून देते, अधोरेखित करून.

आकडे असे वाचायचे. निरोगी पाण्यात एका घनमिलिमीटरला २०० पेक्षा कमी पांढऱ्या पेशी. झिजेत २,००० पर्यंत. त्यावर जळजळ. ५०,००० ओलांडलं आणि त्यात न्यूट्रोफिलांचीच, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचीच, गर्दी असेल तर जंतू आहेत असंच धरून चालायचं. उलट आकडा कमी आला म्हणून जंतू नाहीतच असं मात्र नाही. जंतू असले तर कल्चरसाठी पाणी आधी, अँटिबायोटिक नंतर. दोन गोळ्या घरी खाऊन आलेल्याचं कल्चर बहुतेकदा मौनव्रत धरतं. आणि अशा गुडघ्याचं नुसतं पाणी काढून भागत नाही, तो ऑपरेशन थिएटरमध्ये धुवावा लागतो, आणि तो सोमवारपर्यंत थांबत नाही. कूर्चा काही दिवसांत संपते.

गाउट ओळखायचा कसा, हे भांडण १९६१ साली मिटलं. मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकी डॉक्टरांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली गाउटच्या सांध्यातलं पाणी ठेवलं आणि युरेटचे सुईसारखे स्फटिक ओळखून दाखवले. ठेंगणे, चौकटीसारखे स्फटिक दिसले तर तो गाउट नव्हे, त्याचा चुलतभाऊ, तो कॅल्शियमचा. तरीही आपल्याकडे रक्तातलं युरिक अॅसिड जरा वाढलेलं दिसलं की घरातली डाळ बंद. गुडघा ज्या दिवशी पेटलेला असतो त्याच दिवशी ते रक्तात नॉर्मल येऊ शकतं, आणि वाढलेलं असून गुडघ्याचं कारण भलतंच असू शकतं. डाळ बिचारी दोन्हीकडून जाते.

"आलोच आहोत तर ते इंजेक्शनही मारून टाका." हे दुसरे काका. स्टिरॉइडचं इंजेक्शन, बहुधा ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन, पेटलेला गुडघा खरोखर शांत करतं. पण पाणी गढूळ असेल तर रिपोर्ट येईपर्यंत मी सिरिंजला हात लावत नाही. जंतू असताना स्टिरॉइड म्हणजे चोराला चावी देऊन वर कुत्रा बांधून ठेवणं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, ती मोजत राहावी. काहींचा गुडघा पहिले दोन दिवस जास्तच ठणकतो, मग उतरतो. आणि दोन इंजेक्शनांत निदान तीन महिने अंतर हवं. सांधा बदललेला असेल तर त्यात कुणालाही दवाखान्यात बसल्या बसल्या सुई घालू देऊ नये. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जावं.

झाल्यावर छोटी पट्टी, वर क्रेप, दिवसभर आराम, टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ. त्या दिवशी स्कूटरला किक मारू नये. ताप आला किंवा गुडघा लाल होऊन वाढत्या कळा आल्या तर फोन न करता सरळ यावं. असं हजारोंत एखाद्याला होतं.

"एकदा काढलं की पुन्हा पुन्हा काढावं लागतं." हेही ऐकलेलंच. पाणी पुन्हा भरतं ते सुईमुळे नाही, अस्तर गाळायचं थांबलेलं नसतं म्हणून. गळक्या छपराखालची बादली रिकामी केली म्हणून पाऊस वाढत नाही. आणि बादली भरलेली ठेवण्यातही शहाणपण नाही. वीस-तीस मिलि जादा पाण्यानेही मांडीचा आतला स्नायू सुस्तावतो, पाय मध्येच लटपटतो. म्हणून तोच टॉवेल घरी गुडघ्याखाली ठेवून खाली दाबायचा, पाच सेकंद, दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. हे सांगेपर्यंत काका दारात पोचलेले असतात.

बाहेरच्या बाकावर मग हिशेब सुरू होतो. माझं साठ निघालं. माझं ऐंशी. आमच्या साडूंचं एकशेवीस. ऐंशीवाले जरा खट्टू होतात. मी आतून ओरडते, "अहो, रंग कोणता होता ते सांगा! तार आली का?" यावर कुणी काही बोलत नाही, फक्त एकशेवीसवाल्या साडूंचे नातेवाईक खिसा चाचपून म्हणतात, "अरेच्चा, ती बाटली लॅबमध्ये द्यायची होती ना?"