हिरवा ठिपका कसा सांभाळावा

माझ्या टीममध्ये मला धरून अकरा जण होते. आता चार आहेत. त्यामुळे घरून काम करणारी माणसं कंपनीत कशी टिकवावीत, यावर बोलण्याचा माझ्याएवढा अधिकार हिंजवडीच्या तिन्ही फेजमध्ये दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. हा अनुभव वाया जाऊ नये म्हणून लिहितोय. तुम्ही मॅनेजर असाल तर पुढे वाचा. नसाल तरी वाचा, पण आपल्या मॅनेजरला फॉरवर्ड करू नका. अप्रेझल तोंडावर आलंय.

सगळ्यात आधी, माणूस दिसला पाहिजे. आमचा एक पठ्ठ्या मार्च २०२० मध्ये लॅपटॉप पाठीला लावून कऱ्हाडला गेला तो तिथेच राहिला. तिथून त्याने किती रिलीज वेळेत काढल्या, क्लायंटने कॉलवर त्याचं नाव घेऊन कौतुक केलं, ते सगळं ठीक आहे. पण टीम्सवर, म्हणजे आमच्या ऑफिसच्या चॅट ॲपवर, नावाजवळचा ठिपका हिरवा असला की माणूस जागेवर आणि पिवळा झाला की उठला. एका मंगळवारी दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी त्याचा हिरवा ठिपका पिवळा झाला होता. मी स्वतः पाहिलं. त्या वेळी मी दुसरं काहीच करत नव्हतो, म्हणून तर दिसलं.

ऑफिसात असताना आपण दोन वाजता खाली टपरीवर जायचो, कटिंग घ्यायचो आणि पाऊण तास वर्ल्डकपची टीम निवडायचो. तो वेळ कंपनीचाच होता, कारण गळ्यात आयकार्ड होतं. घरी उठून कुकरखालचा गॅस बंद करणारा मात्र कंपनीचा वेळ चोरतो. हा फरक पक्का लक्षात ठेवा.

तर ठिपका पिवळा झाला की लगेच 'हाय' पाठवा. नुसतं 'हाय'. काय काम आहे ते लिहू नका. समोरून 'हो सर, बोला' आलं की वीस मिनिटं थांबा आणि मग लिहा, 'काही नाही, असंच.' त्या वीस मिनिटांत तो कोडचं काय करतो हा त्याचा प्रश्न.

यातून माणसं किती कल्पक होतात ते सांगायला हवं. जत्रेत मिळतं तसलं शंभर-दीडशे रुपयांचं काट्यांचं घड्याळ माऊसखाली ठेवायचं. सेकंदकाटा फिरतो, कर्सर किंचित हलतो, ठिपका दिवसभर हिरवागार. कऱ्हाडकराने हे मला शेवटच्या आठवड्यात सांगितलं. तोवर मी त्याच्या हिरवेपणाचं उदाहरण टीमला देत होतो. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं सोंग केलं म्हणून २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना घरी पाठवलं. त्यांनी काम काय केलं होतं, हा प्रश्न ठिपक्याला विचारता येत नाही, म्हणून आपणही विचारू नये.

कॅमेरा चालू ठेवायला लावा. कोकणात जूनमध्ये लाइट जाते, रेंज जाते, या सबबी आपण कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जनरेटर बॅकअपखाली बसून अजिबात मान्य करू नयेत.

आता मन रमवण्याचं बघू. एचआरच्या भाषेत याला एंगेजमेंट म्हणतात आणि त्याची वेळ शुक्रवारी संध्याकाळी सहाची असते, कारण त्या वेळी माणसाला घरी रमण्याचा धोका सर्वात जास्त असतो. आमच्याकडे फन फ्रायडेला ऑनलाइन हाउजी व्हायची. हजेरी ऐच्छिक होती, पण न येणाऱ्यांची यादी मला मेलवर यायची. गणपतीत घरच्या सजावटीची स्पर्धा ठेवली. कणकवलीच्या मुलीने माटोळी बांधलेल्या गणपतीचा फोटो पाठवला आणि पहिली आली. तिला पाचशे रुपयांचं व्हाउचर मिळालं. ते बाणेरच्या एका कॅफेत चालत होतं.

आणि सर्व्हे विसरू नका. तो नेहमी निनावी ठेवायचा. फक्त टीम, शहर, अनुभवाची वर्षं आणि हुद्दा एवढंच विचारायचं. मग रिपोर्टमध्ये 'सांगली, सात ते आठ वर्षं, सीनियर डेव्हलपर: प्रतिसाद १' अशी ओळ येते आणि आपण त्या एकाला फोन करून अगदी मोकळेपणाने विचारू शकतो की बाबा रे, असं का लिहिलंस. गॅलपची १२ प्रश्नांची एक प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात ऑफिसात तुमचा जिवलग मित्र आहे का, असा एक प्रश्न असतो. आम्ही तोही घातला होता. एकाने उत्तर दिलं, 'होता.'

एवढं करूनही माणसं टिकली तर त्यांना ऑफिसात बोलवा. याला मोठी परंपरा आहे. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत फक्त २५ टक्के लोकांनी ऑफिसात असलं तरी भागेल. ऑक्टोबर २०२३ उजाडेपर्यंत आठवड्याचे पाचही दिवस या, असा निरोप गेला होता. एवढी मोठी कंपनी शब्द फिरवू शकते, तर आपण कोण लागून गेलो! कऱ्हाडकराला मी आठवड्यातून तीन दिवस यायला सांगितलं. तो पुण्यात खोली शोधून आला. त्याच्या प्रोजेक्टची बाकीची माणसं बंगळुरू, इंदूर आणि टेक्सासला होती, त्यामुळे भूमकर चौकातून दीड तासात ऑफिसात पोचून तो हेडफोन लावायचा आणि टीम्सवरच बोलायचा. पण दिसायचा! मी केबिनमधून बघायचो. बरं वाटायचं.

इथे एका धोक्याची सूचना. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. चीनच्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ जणांवर सहा महिने प्रयोग केला. निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू दिलं. त्यांच्यात नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि कामात काही फरक पडला नाही. प्रयोगाआधी मॅनेजरांना वाटत होतं की काम घसरेल. प्रयोगानंतर त्यांचं मत बदललं. मॅनेजरचं मत बदलणं ही किती नामुष्कीची गोष्ट आहे, सांगा! एचआरच्या एखाद्या नव्या पोरीने हा पेपर मेलला जोडला तर 'चीनचं आहे' एवढंच म्हणायचं.

पगाराचं थोडक्यात. सहा टक्के. 'मार्केट डाऊन आहे' म्हणायचं. २०२२ च्या जून तिमाहीत इन्फोसिसची गळती, म्हणजे वर्षभरात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २८.४ टक्क्यांवर गेली होती, मार्केट इतकं वर होतं, तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. कुठलं रेटिंग किती जणांना द्यायचं हे आधीच ठरवणारा बेल कर्व्ह असतोच, तेव्हा रेटिंगबद्दल कुरकुर आली तर समजावा, 'तुझं काम चारचंच आहे रे, पण बेल कर्व्हमध्ये जागा तीनचीच उरली होती.' त्याच्या हाताखाली शिकायला आलेल्या नव्या माणसाला त्याच्यापेक्षा जास्त पगार आहे हे त्याला कळणारच. ते चहाच्या टपरीवर कळतं, आणि टपरीवर यायला तर आपणच लावलेलं असतं.

मग एका शुक्रवारी पाच चाळीसला राजीनाम्याचा मेल येतो. आता खरं काम सुरू होतं. आतापर्यंत नसलेलं बजेट सोमवारी सकाळी सापडतं. चाळीस टक्के वाढ, हवं तिथून काम, पुढच्या वर्षी ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटकडे, नक्की. व्हीपी स्वतः कॉलवर येतात आणि त्याचं नाव चुकवत म्हणतात की तू आमचा 'की रिसोर्स' आहेस. बैल गेला नि झोपा केला म्हणतात ते हेच, फक्त आपला झोपा एअरकंडिशन्ड असतो. कऱ्हाडकराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'सर, हे मागच्या महिन्यात होतं का?' अशा प्रश्नाला 'नेटवर्क जातंय' हे उत्तर चालतं.

तरी नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड हातात असतो. माणूस टिकवण्याचा आपल्याकडचा हा एकमेव खात्रीचा उपाय. यात तो रोज केटी देतो, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून देतो. घेणारा माणूस पंच्याऐंशीव्या दिवशी मिळतो.

तो गेल्यावर कुरिअरने खोकं आलं. लॅपटॉप, चार्जर, हेडफोन होते, माऊस नव्हता. ॲसेट टीमने त्याला अकरा दिवसांत नऊ मेल पाठवले, प्रत्येकात मला सीसी ठेवून. पाच वर्षांत कंपनीने त्याची इतक्या आस्थेने कधी चौकशी केली नव्हती. शेवटी दुसरं खोकं आलं, थेट माझ्या नावावर. त्यात माऊस होता आणि माऊसखाली ते काट्यांचं घड्याळ. अजून नीट चालतंय.

हे लिहायला मला तीन तास लागले. माझा ठिपका हिरवा आहे.