‘मूठ गच्च, रोज १२० बॉल’: हा मेसेज मुलांवर लागू करू नका

बेळगावातल्या क्रिकेट शिबिरांच्या पालक-ग्रुपांवर सध्या ‘बॉलिंगची गुपितं’ नावाचा मेसेज फिरतोय. आमच्या अक्कानं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “उद्यापासून सुरू करू काय?” भाचा अकरा वर्षांचा आहे, म्हणून हे उत्तर सगळ्यांसाठीच लिहितोय.

मेसेजात थोडक्यात असं आहे: चेंडू मुठीत गच्च धरा आणि कुठल्याही विकेटवर, म्हणजे खेळपट्टीवर, ग्रिप (पकड) बदलू नका. ऑफस्पिनला कोपराचा झटका द्या. काळ्या मातीची विकेट फास्ट, लाल मातीची स्लो. ढग आले की चेंडू आपोआप स्विंग होतो. मॅटवर, म्हणजे काथ्याची चटई अंथरलेल्या विकेटवर, ग्रिपचा संबंधच नाही. आणि शेवटी, दहाव्या वर्षापासून रोज १२० बॉल, पूर्ण ताकदीनं, मोठ्यांच्याच चेंडूनं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी बळी मिळणार नाहीत एवढंच, यानं पोराची पाठ जाईल. १२० बॉल म्हणजे २० षटकं. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाचे वेगवान गोलंदाजीचे निर्देश बघा: १३ वर्षांखालच्या मुलाला एका स्पेलमध्ये (एका टोकाकडून सलग) जास्तीत जास्त ५ षटकं आणि दिवसभरात १०. १४ आणि १५ वर्षांखाली ६ आणि १२. अठरा-एकोणीसच्या पोरांनाही दिवसाला १८ च्या वर नाही. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला हा मेसेज १९ वर्षांखालच्या गोलंदाजापेक्षा जास्त राबवतोय, आणि तेही रोज, सुट्टी न देता.

होतं काय ते सांगतो. चेंडू टाकताना पुढचा पाय जोरात आपटतो, त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. वाढत्या वयात मणक्याच्या मागच्या बाजूचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. तोच ताण रोज बसला की तिथं बारीक भेग पडते, बहुतेकदा कमरेच्या खालच्या मणक्यात आणि टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला. उजव्या हातानं टाकणारा मुलगा डाव्या कमरेला हात लावून ‘इथं दुखतंय’ म्हणाला, मागे वाकल्यावर दुखणं वाढलं, तर बाम चोळून परत नेटमध्ये पाठवू नका. गोलंदाजी त्याच दिवशी बंद करा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

चेंडूचंही तेच. मोठ्या पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. १३ वर्षांखालच्यांसाठी क्रिकेटच्या नियमांतच वेगळा चेंडू सांगितलाय, १३३ ते १४४ ग्रॅम, घेरानंही लहान. लहान हातात मोठा चेंडू दिला की बोटं शिवणीवर पोचत नाहीत, मग पोरगं तो तळव्यात घेतं. ‘मूठ गच्च’ची सवय अर्धी इथूनच लागते.

अर्धी टेनिस बॉलमधून लागते, हे मान्य करतो. आपल्याकडं गल्लीपासून मोठ्या स्पर्धांपर्यंत सगळे टेनिस बॉलवर वाढलेत. तो दाबला की दबतो, उठलेली शिवण नसते, त्यामुळं आवळून धरून जोरात टाकलं तर चालून जातं. लेदरवर ते चालत नाही. चेंडू तळव्याला टेकला की मनगट मोकळं सुटत नाही, बोटांतून मागची फिरकी (बॅकस्पिन) मिळत नाही आणि शिवण हवेत लडबडते.

आउटस्विंगची, म्हणजे हवेत फलंदाजापासून बाहेर जाणाऱ्या चेंडूची, पकड नीट बघा. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन बाजूंना, जवळजवळ. अंगठ्याची कड खाली शिवणीवर. चेंडू आणि तळवा यांच्यामध्ये फट दिसली पाहिजे. उजव्या हाताचा फलंदाज असेल तर शिवण पहिल्या स्लिपकडं थोडी वळलेली, चकचकीत बाजू लेगला. थोडी म्हणजे किती? रबींद्र मेहता आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेल) चेंडूवरचा बाजूचा जोर मोजला आणि १९८३ मध्ये तो अभ्यास ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला. सगळ्यात जास्त स्विंग मिळाला तो शिवण साधारण २० अंशांत, वेग सेकंदाला ३० मीटर म्हणजे ताशी १०८ किलोमीटरच्या आसपास, आणि चेंडूला सेकंदाला सुमारे ११ फेऱ्यांची मागची फिरकी असताना. ती फिरकीच शिवण स्थिर ठेवते. मुठीत आवळलेल्या चेंडूला ती येणार कुठून? आणि ताशी १०८ हा काही तुफानी वेग नव्हे, तेव्हा ‘पूर्ण ताकदीनं’ हा हट्टही इथंच निकालात निघतो.

फिरकीला तर ग्रिप वेगळीच लागते. ऑफस्पिनला तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरं शिवणीवर आडवी, फाकलेली. काम करते ती तर्जनी, अंगठा फक्त टेकलेला. लेगस्पिनला दोन बोटं वर, दुमडलेली अनामिका शिवणीला लागून, आणि फिरवते तीच. हात लहान असेल तर ऑफस्पिनला दोनाऐवजी तीन बोटं शिवणीवर ठेवू द्या, पुढं हात वाढला की सुटतील.

कोपराच्या झटक्याबद्दल एकच सांगतो: हात खांद्याच्या उंचीला आल्यावर कोपर सरळ करणं म्हणजे नो-बॉल. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होण्याची सूट आहे, ती झटका मारायला दिलेली नाही.

आता माती. मेसेजात हे नेमकं उलटं लिहिलंय. अथणी, गोकाककडची काळी माती चिकण. पाणी धरून ठेवते, रोलर फिरवला की घट्ट बसते, पण चेंडू थांबून आणि खाली राहून येतो. खानापूर बाजूच्या लाल मातीत चिकण अंश कमी, ती लवकर वाळते, उसळी जास्त देते आणि वरचा थर लवकर सुटतो. ‘लाल मातीवर स्पिन होतो’ एवढं खरं, पण तो उसळीसकट होतो. काळी विकेटही पार वाळून भेगाळली की वळते, पण सावकाश आणि खाली. म्हणून लाल विकेटवर वेगवान गोलंदाजानं थोडा आखूड टप्पा ठेवावा, फिरकीवाल्यानं चेंडू वर सोडून पुढच्या दिशेची फिरकी जास्त द्यावी. काळ्या विकेटवर यष्टींच्या रेषेत, थोडा पुढं, कटर (बोटं चेंडूच्या बाजूवरून ओढून टाकलेले चेंडू) टाकावेत, आणि फिरकी हवेतून जरा वेगात. टॉसच्या आधी विकेट हातानं चाचपून बघा. ओल जाणवली तर पहिली काही षटकं शिवण सरळ ठेवून टाकणाऱ्याचीच.

ढगांचं तर विचारू नका. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. ढगाळ दिवशी जमीन तापत नाही, हवा शांत राहते आणि त्याचा थोडा फायदा होत असेल, इतपत मी मानतो. ‘आपोआप’ काही होत नाही, शिवण वाकडीतिकडी सुटली तर जूनमधल्या आभाळाखालीसुद्धा चेंडू सरळच जाईल. सकाळी दवानं चेंडू ओला झाला तर फडक्यानं कोरडा करा, नियमाला चालतं. व्हॅसलीन वगैरे काही लावू नका, पाच धावांचा दंड आहे.

मॅटवर ग्रिपचा संबंध नाही? इंग्लंडच्या सिडनी बार्न्स या गोलंदाजानं १९१३-१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मॅटवर खेळलेल्या चार कसोटींत ४९ बळी घेतले. १९५६ मध्ये कराचीत पाकिस्तानच्या फजल महमूदनं ऑस्ट्रेलियाचे १३ बळी मॅटवरच काढले. दोघंही मध्यमगती, बोटांनी चेंडू कापणारे. काथ्याच्या मॅटला शिवण धरते, त्यामुळं तिथं कटर मातीपेक्षा जास्त वळतो. लेगकटरला मधलं बोट शिवणीच्या कडेला ठेवा आणि सोडताना ते चेंडूच्या बाजूवरून खाली ओढा. त्याआधी मॅटच्या चारी बाजूंचे खिळे तपासा. मॅट ताणलेली असेल तर चेंडू उसळून वेगात येतो, ढिली असेल तर जास्त वळतो पण संथ होतो. खाली सिमेंट असेल तर उसळी आणखी वाढते, तिथं टप्पा पुढं न्या.