पोस्टातल्यांना काढा!

लग्नाआधी स्थळाची चौकशी करतात तशी फुटबॉल संघाचीही कुणीतरी करून द्यायला हवी. माझी कुणी केली नाही आणि मी लंडनच्या टॉटनहॅम क्लबवर जीव टाकून बसलो. २००८च्या लीग कपानंतर त्यांच्या कपाटात नवं काही आलेलं नव्हतं. राहायचं पुण्यात आणि रात्री दीड वाजता कळवळायचं उत्तर लंडनसाठी!

२०२४-२५च्या मोसमात या दुःखाचं नाव होतं अँज पोस्टेकोग्लू. आमचा प्रशिक्षक. जन्म ग्रीसचा, वाढला ऑस्ट्रेलियात, दाढी पिकलेली. आईला ते आडनाव झेपेना. तिने पहिल्याच दिवशी त्याचे 'पोस्टातले' करून टाकले. "पोस्टातले काल हरले का रे?" असं ती सकाळी चहा गाळताना विचारी. हरलेलेच असत. लीगच्या ३८ सामन्यांपैकी २२ हरले!

आईला रात्री झोप नसते, म्हणून ती सामन्याला माझ्या शेजारी वाती वळत बसते. बचावफळीने पार मध्यरेषेजवळ उभं राहायचं, हा पोस्टातल्यांचा हट्ट. २०२३च्या नोव्हेंबरात चेल्सीविरुद्ध दोघांना लाल कार्ड मिळालं, मैदानात नऊ जण उरले, तरी रांग तिथेच. ४-१ने हरलो. आई म्हणाली, "अरे, दार सताड उघडं टाकून सगळे एकदम बाहेर काय जातात? एकाने तरी घरी थांबावं की." टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी याच गोष्टीला अर्धा तास आणि चार बाण घेतले.

मी त्याला रोज काढत असे. रात्री, दात घासताना. सकाळी सिग्नलला थांबलो की परत घेत असे. बिचाऱ्याकडे माणसं कुठे होती? दिवाळी संपते न संपते तोच गोलरक्षक विकारिओचा घोटा मोडला, बचावफळीतले रोमेरो आणि व्हॅन द व्हेन आधीच दुखापतीने घरी. हे सगळं मी बायकोला तळमळून सांगितलं. ती म्हणाली, "अप्रेझलला तूही हेच सांगितलं होतंस. दोन जण रजेवर, एक सोडून गेला." त्या रात्री मी त्याला काढलं नाही.

तशात त्याने सप्टेंबरातच सांगून ठेवलं होतं, की मी दुसऱ्या वर्षी नेहमी काहीतरी जिंकतो. आम्ही हसलो होतो. आणि २१ मे २०२५ला स्पेनमधल्या बिल्बाओत युरोपा लीगची, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेची, अंतिम लढत! आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. समोर मँचेस्टर युनायटेड. इंग्लंडच्या वीस संघांच्या लीगमध्ये ते सोळावे, आम्ही सतरावे. दोन नापास पोरांनी गुणवत्ता यादीसाठी भांडावं, तसा प्रकार. ४२व्या मिनिटाला आमच्या ब्रेनन जॉन्सनच्या गडबडीत चेंडू कसाबसा आत गेला. मग मात्र पोस्टातल्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. सगळ्यांना मागे बोलावलं. ६८व्या मिनिटाला व्हॅन द व्हेनने हवेत झेपावत गोलरेषेवरून चेंडू बाहेर काढला.

"बघ," आई वात वळता वळता म्हणाली, "आज एक जण घरी थांबला."

१-०. सतरा वर्षांनी कप. मी रात्री अडीचला गॅलरीत जाऊन ओरडलो. खालून वॉचमनने विचारलं, "साहेब, काही झालंय का?"

सोळा दिवसांनी, ६ जूनला, क्लबने त्याला काढलं. मी दोन वेळचं जेवलो नाही. कप आणणाऱ्या माणसाला काढतात? काही लाजबीज?

"अरे, तूच म्हणत होतास ना, काढा म्हणून?" आई.

"मी म्हणत होतो गं. त्यांनी कशाला ऐकायचं?"

सप्टेंबरात तो नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दुसऱ्या इंग्लिश क्लबात लागला. आठ सामने, विजय शून्य. १८ ऑक्टोबरला, ऐन धनत्रयोदशीच्या दिवेलागणीला, चेल्सीने ३-० हरवलं आणि शेवटच्या शिट्टीनंतर वीस मिनिटांच्या आत त्याला काढल्याची बातमी आली. नोकरीचे एकूण दिवस ३९. मी बातमी मोठ्याने वाचली तेव्हा आई उंबऱ्याशी पणतीत तेल घालत होती. तिचा हात थांबला.

"सणाच्या दिवशी?" ती म्हणाली. "बोनस तरी दिला का रे?"